पांढऱ्यावर पांढरं

कप्तान अमोस हॅलेटच्या मनात पहिला संशय आला तो कॉफीच्या कपावरून.

इलायजा रॉस हा त्याचा नोकर, न्यू बेडफर्डचा. दोन वर्षं तो हॅलेटला सकाळची कॉफी देत होता आणि दोन वर्षं कप जिथं जागा मिळेल तिथं आदळत होता. नकाशावर, कागदांवर, एकदा तर वॉशिंग्टनहून आलेल्या पत्रावर. पण गेले तीन आठवडे कप रोज एकाच जागी बसत होता. टेबलाच्या उजव्या कडेपासून चार बोटं आत, कान कप्तानाच्या हाताकडे. थेंबभर सांडत नव्हतं. हॅलेटनं आरमारात एकतीस वर्षं काढली होती. गबाळा माणूस एकाएकी टापटीप झाला की कुठंतरी पाणी मुरतंय असं समजावं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

साल १८४४. 'डक्सबरी' ही वीस तोफांची युद्धनौका चिलीतलं वालपरायसो बंदर सोडून होनोलुलूकडे निघाली होती. तिथं ताफ्याचा प्रमुख, कमोडोर, वाट बघत होता. तो जहाज तपासणार, कप्तानाला जेवायला बोलावणार, आणि मग केप हॉर्नला वळसा घालून घरी, बोस्टनला. ही हॅलेटची शेवटची सफर होती. घरी बार्नस्टेबलला एक बहीण आणि चार सफरचंदाची झाडं, याशिवाय त्याला कुणी नव्हतं. त्याची एकच इच्छा होती. जहाज आपण स्वतः बोस्टनच्या धक्क्याला लावायचं आणि मगच टोपी काढायची.

आता खरं सांगायचं तर पाणी मुरत होतं ते कप्तानाच्याच भिंतीत. वर्षभरापूर्वी त्याच्या उजव्या डोळ्यापुढं एक करडा डाग आला. शाईत बुडवलेला अंगठा पानाच्या मधोमध टेकवावा, तेवढा. मग डाव्या डोळ्यात आला. ज्याच्याकडं बघावं तेच नेमकं पुसलं जायचं आणि कडा तेवढ्या राहायच्या. माणसाचे कान दिसायचे, टोपी दिसायची, चेहरा नाही. क्षितिजाच्या दोन्ही बाजू दिसायच्या, मधलं जहाज नाही. तो माणसांना चालीवरून, आवाजावरून, तंबाखूच्या वासावरून ओळखायला लागला. नकाशे भिंगातून, तिरक्या नजरेनं वाचायला लागला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शिस्तीचे नियम सगळ्या जहाजाला वाचून दाखवायचे असतात. ते त्याला तोंडपाठ होते. पुस्तक हातात धरायचं आणि म्हणत सुटायचं. हे कुणाला कळलेलं नाही अशी त्याची खात्री होती. कळलं तर कमोडोर होनोलुलूलाच त्याला उतरवून घेणार आणि मालाच्या जहाजातून घरी पाठवणार, एखाद्या पेटीसारखा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. स्वतःजवळ लपवण्यासारखं असलं की दुसरा प्रत्येक माणूस काहीतरी लपवतोय असं वाटायला लागतं.

कपानंतर नावं सुरू झाली. तो डेकवरून चालत गेला की वाटेतले खलाशी टोपीला हात लावून नाव सांगायचे. "पेकम, साहेब." "मेसी, साहेब." पूर्वी नुसती टोपी वर करायचे. पहिल्यांदा त्यानं दुर्लक्ष केलं. चौथ्या दिवशी पेकमला उभं करून विचारलं, मी काय हजेरी घेतोय? गिडियन पेकम हा पुढच्या डोलकाठीवरच्या खलाशांचा म्होरक्या, आडमाप गडी. तो म्हणाला, सवय लागली साहेब. कसली सवय, कुणी लावली, हे विचारायच्या आत तो दोरांवर चढून गेला.

मग सुकाणू. चाकावरचा माणूस दर थोड्या वेळानं, कुणी न विचारता, दिशा मोठ्यानं म्हणायचा. डोलकाठीवरचा टेहळ्या जहाज दिसलं की नुसतं जहाज दिसलं म्हणून थांबायचा नाही. तीन डोलकाठ्या आहेत, वरचं शीड ठिगळाचं आहे, झेंडा इंग्रजांचा आहे, असं अख्खं पुराण लावायचा. हॅलेटला वाटलं, हे माझ्याशी बोलत नाहीत. हे एकमेकांना खुणा देतायत.

आणि मग गाठ. केबिनकडं उतरणाऱ्या जिन्याला धरायचा दोर असतो. त्या दोराला, पहिल्या पायरीच्या बरोबर वर, कुणीतरी एक गाठ मारून ठेवली होती. खाली, शेवटच्या पायरीपाशी, दुसरी. हॅलेट त्या गाठी चाचपत बराच वेळ उभा राहिला. कप्तानाच्या केबिनच्या वाटेवर खूण करून ठेवायची, ती कुणाला कशासाठी लागते? दिव्याशिवाय येणाऱ्याला लागते. त्या दिवसापासून त्यानं दारावरचे बंदूकवाले दुप्पट केले आणि पिस्तूल उशीखाली घेतलं.

भित्रा नव्हता तो, हे आधीच सांगायला हवं. केप हॉर्नच्या वादळात तीन दिवस तीन रात्री त्यानं डेक सोडलं नव्हतं. त्याच वादळात शिडं शिवणारा ओबेद स्वेन लाटेबरोबर बाहेर गेला. असल्या समुद्रात पडलेला माणूस मेलेलाच धरतात, त्याच्यासाठी सहा जणांची होडी घालवत नाहीत. हॅलेटनं होडी सोडली आणि स्वतः तिच्यात बसला. स्वेनला केसांना धरून वर ओढला. दोन वर्षांत त्यानं चाबूक किती वेळा काढला ते एका हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं. खलाशी पाठीमागं त्याला म्हातारा म्हणायचे, पण प्रत्येक जहाजावर कप्तानाला म्हातारा म्हणतात, आणि त्या एकाच शब्दात शिवी किंवा माया यातलं काय भरायचं ते कप्तानावर असतं.

पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि हॅलेटचं तोंड पहिल्याच जहाजावर पोळलं होतं. तिथल्या कप्तानाच्या दाराखालून एक दिवस एक कागद सरकून आत आला. गोल अर्ज. खलाशांची ही फार जुनी रीत. वरिष्ठाकडं तक्रार करायची तर सही करावी लागते, आणि ज्याची सही सगळ्यात वर तो सगळ्यात आधी फासावर जातो. मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची? म्हणून मधे मागणी लिहायची आणि भोवती चाकाच्या आऱ्यांसारखी नावं. पहिला कुणी नाही, शेवटचा कुणी नाही. त्या कप्तानानं अर्ज वाचला, हसला, आणि त्याच कागदानं पाइप पेटवला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो जहाजावर नव्हता. त्याच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. हॅलेटनं कानाला खडा लावला तो तेव्हा. गोल अर्जाला हसायचं नाही.

होनोलुलू अकरा दिवसांवर असताना त्यानं रॉसला स्वेनशी कुजबुजताना पकडलं. दोघं जिन्याच्या तोंडाशी होते, आणि कप्तानाची पावलं वाजताच गप्प झाले. दुपारी रमचा वाटा घ्यायला ढोल वाजला आणि खलाशी रांगेला लागले, तेव्हा हॅलेट एकटाच शिडांच्या कोठारात उतरला. स्वेनची पिशवी खुंटीला होती. आत मेण, दोरा, तळहाताला बांधायचं कातडं, दाभणं. आणि तळाशी, फडक्यात गुंडाळलेली, जेवणाच्या ताटलीएवढी कॅनव्हासची चकती.

ती त्यानं केबिनच्या खिडकीशी नेली आणि भिंग लावलं. कडेनं शाईची अक्षरं आऱ्यांसारखी उभी होती. तिरकं बघत, चकती फिरवत त्यानं ती एकेक करून वाचली. पेकम. मेसी. रॉस. स्वेन. बोटानं मोजली, अडतीस भरली. जहाजावर एकशे नव्वद माणसं, आणि अर्जावर अडतीस, पण कोणती अडतीस? चाकावरचे, टेहळे, त्याच्या होडीचे वल्हेकरी, त्याचा नोकर. नेमकी त्याच्या हाताच्या अंतरावर वावरणारी.

मधे काहीच नव्हतं. त्यानं मान डावीकडं केली, उजवीकडं केली, भिंग पुढंमागं केलं. पांढरं कॅनव्हास, आणि काही नाही. हाताला थोडं खरखरीत लागलं. जुन्या शिडाचा तुकडा, रफू केलेला असेल. म्हणजे नावं आधी घेतली होती आणि मागणी अजून ठरायची होती. किंवा मागणी अशी होती की ती पांढऱ्यावर काळं करून ठेवायची त्यांची छाती झाली नव्हती. हे दुसरं त्याला जास्त खरं वाटलं.

त्यानं पहिल्या लेफ्टनंटला बोलावलं. कॉर्नेलियस व्हॅन आल्स्ट, हडसनकाठचा, वय तेहतीस, मिशांना सुगंधी तेल. होनोलुलूला हॅलेट उतरला तर जहाज त्याच्याच हातात जाणार होतं, आणि ही गोष्ट हॅलेट एक दिवसही विसरला नव्हता. त्यानं चकती पुढं केली.

"मधे कोरं आहे," हॅलेट म्हणाला. "अजून मागणी लिहिलेली नाही."

व्हॅन आल्स्ट चकती घेऊन खिडकीशी गेला. बराच वेळ गेला. इतका, की कोऱ्या कापडाला लागू नये.

"हो साहेब," तो शेवटी म्हणाला. "कोरं आहे."

मग त्यानं जे केलं त्यानं हॅलेटचा संशय पक्का झाला. तो विनवायला लागला. ही चकती कमोडोरला दाखवू नका, म्हणाला. समुद्रात टाकू या, खलाशांची काहीतरी पोरकट गंमत असेल, माणसं चांगली आहेत. हॅलेटनं विचारलं, का दाखवू नये? बंडाचा पुरावा आहे. त्याच्या तेलाचा वास जवळ आला आणि लांब गेला, म्हणजे तो पुढं झाला होता आणि मागं सरला होता. हॅलेटनं मनात ठरवलं, एकोणचाळिसावा हा.

रॉसला त्यानं केबिनमधून काढून खाली पहाऱ्यात बसवलं. मग स्वेनला आणवला. स्वेन नॅन्टकेटचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. आयुष्यभर दाभण धरल्यानं त्याची उजवी मूठ पूर्ण उघडत नसे.

"हे काय आहे?"

"कॅनव्हास आहे, साहेब."

"ते मलाही दिसतंय."

स्वेनच्या पायाखालची फळी करकरली.

"पहिली सही कुणाची?"

"गोलाला पहिलं नसतं, साहेब."

"आणि मधे? कोरं का ठेवलंय?"

हॅलेटला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण श्वास ऐकू आला. ओझं खाली ठेवताना सुटतो तसा श्वास. बंडखोराला सुटकेचा श्वास कशाचा येतो? पुरावा अपुरा आहे याचा, दुसरं काय.

"साहेब कोरं म्हणतायत तर कोरंच आहे," स्वेन म्हणाला.

"माझी चेष्टा करतोस?"

"नाही साहेब."

"तुला मी केप हॉर्नला पाण्यातून काढला. माझ्या हातानं."

"म्हणूनच, साहेब."

हे मात्र हॅलेटला झोंबलं. ज्याचा जीव वाचवला त्यानंच उलटावं, आणि वर तोंड करून म्हणूनच म्हणावं. त्यानं तीनदा विचारलं, काय शिजतंय? तीनदा स्वेन गप्प राहिला. हॅलेटनं शिक्षा सांगितली. प्रश्नाला उत्तर न दिल्याबद्दल उद्या सकाळी बारा फटके. बाकीचं होनोलुलूला, कमोडोरपुढं, चकतीसकट. बंडाला फाशी आहे हे स्वेनला ठाऊक होतं. तो हो साहेब म्हणाला आणि बंदूकवाल्यांच्या मधून चालत गेला.

संध्याकाळी व्हॅन आल्स्ट पुन्हा आला. फटके होनोलुलूपर्यंत थांबवा म्हणाला. हॅलेटनं त्याला दारातूनच परत पाठवलं. त्या रात्री कप्तानाला झोप लागली नाही, आणि त्याचा राग त्यानं सकाळी स्वेनवर काढला. हे लिहिताना मला त्याची कीव येते, पण जे झालं ते झालं.

सकाळी तांडेलाची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची, शिटी वाजली. शिक्षा बघायला सगळे डेकवर. वारा बेताचा होता, ऊन कोवळं. लाकडी जाळी कठड्याला उभी करून स्वेनचे हात तिला बांधले होते. बंदूकवाले ओळीनं उभे. समोर एकशे नव्वद माणसं, हॅलेटच्या लेखी नुसते खांदे आणि टोप्या.

शिक्षेआधी नियम वाचावा लागतो. पुस्तक एरवी रॉस आणून द्यायचा, हातात नीट ठेवायचा. आज रॉस पहाऱ्यात होता, म्हणून हॅलेटनं ते केबिनच्या फळीवरून स्वतःच उचललं होतं. त्यानं ते उघडलं, दोन्ही हातांत धरलं आणि खणखणीत आवाजात नियम वाचला. आज्ञा न पाळणारा, बंडाची भाषा करणारा, बंड ठाऊक असून लपवणारा. ओळीमागून ओळ, एक शब्द न अडखळता. मधे एक पानही उलटलं. माणसं इतकी शांत होती की दोरखंडांची करकर ऐकू येत होती. अशी शांतता त्यानं पूर्वी एकदाच ऐकली होती, त्या पहिल्या जहाजावर, पाइप पेटला त्या दिवशी. त्यानं बंदूकवाल्यांना सावध राहायला सांगितलं.

तांडेलानं नऊ पदरी चाबूक पिशवीतून काढला. पहिला फटका बसला. दुसरा. तिसरा.

तेवढ्यात हॅलेटच्या उजव्या हाताच्या बोटांना नांगर लागला.

पुस्तकाच्या पुढच्या पुठ्ठ्यावर नांगराचा ठसा होता, उठावाचा. उघडलेल्या पुस्तकाचा पुढचा पुठ्ठा डाव्या हातात असतो. दोन वर्षं तो नांगर डाव्या हाताला लागत होता. आज उजव्या हाताला लागत होता, आणि त्याचे फाळ वरच्या बाजूला होते.

"थांबा," हॅलेट म्हणाला.

पुस्तक उलटं होतं. एकशे नव्वद माणसांपुढं तो उलटं पुस्तक धरून नियम वाचत होता, वर पान उलटत होता. पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाला ते दिसलं असणार. बंड करायला निघालेली माणसं असती तर हसली असती. निदान एखादा खोकला असता, एखाद्यानं शेजाऱ्याला कोपर मारलं असतं. इथं श्वाससुद्धा वाजला नव्हता. ती शांतता त्यानं ओळखली होती, पण चुकीची ओळखली होती. अडखळत चाललेल्या बापामागं पोरं जशी चालतात, तशी ती शांतता होती.

मग बाकीचं आपोआप उलगडत गेलं. कपाचा कान. दोराची गाठ, पहिल्या पायरीला एक आणि शेवटच्या पायरीला एक. पेकम, साहेब. मेसी, साहेब. वरचं शीड ठिगळाचं आहे, झेंडा इंग्रजांचा आहे.

त्यानं कोटातून चकती काढली. या वेळी डोळ्यापुढं नेली नाही. नुसता अंगठा मधोमध ठेवला. ती खरखर रफूची नव्हती. टाके होते, एकसारखे, नॅन्टकेटच्या माणसाच्या हातचे, पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचे. कुणाच्या हाती चुकून पडली तर चटकन दिसू नये म्हणून. एकेक अक्षर बोटाला लागायला वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळं जहाज तसंच उभं राहिलं.

म्हाताऱ्याला दिसत नाही. बोस्टनपर्यंत आपण बघू.

एवढंच होतं. हॅलेटनं ते दोनदा वाचलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की क्षणभर त्या कठड्यावरून पलीकडं जावंसं वाटलं.

सुगंधी तेलाचा वास जवळ आला. व्हॅन आल्स्ट त्याच्या कानाशी हलकेच बोलला. "ऊन लागलं असं सांगतो मी, साहेब. तुम्ही खाली जा. बाकीचं मी निस्तरतो."

"तुम्ही हे वाचलं होतंत."

"हो साहेब."

"आणि कोरं आहे म्हणालात."

"तुम्ही म्हणालात साहेब. मी नुसतं हो म्हणालो."

हा तो एकोणचाळिसावा. याच्याबद्दल आपण काय काय मनात आणलं होतं ते हॅलेटला आठवलं. आणि आताही वाट मोकळी होती. ऊन लागलं म्हणायचं, स्वेनला सोडायचं, चकती समुद्रात टाकायची. दहा दिवस, मग कमोडोरचं जेवण, आणि अडतीस माणसं त्याला अलगद बोस्टनला नेऊन पोचवणार. जे त्याला हवं होतं ते सगळं समोर तयार वाढून ठेवलेलं होतं.

त्यानं पुस्तक मिटलं आणि व्हॅन आल्स्टच्या हातात दिलं.

"त्याचे हात सोडा," तो म्हणाला. मग आवाज चढवला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा. "ओबेद स्वेनच्या पाठीवर तीन फटके बसलेत, मला वाचता आलं नाही म्हणून. माझे डोळे गेलेत. वर्षभर मी ते लपवलं. ज्याला आपण कुणाला मारतोय ते दिसत नाही, त्यानं जहाज चालवू नये. आजपासून जहाज मिस्टर व्हॅन आल्स्टचं. होनोलुलूला मी कमोडोरला स्वतः सांगेन."

जाळीपासून स्वेनचा आवाज आला, दमलेला आणि चक्क चिडलेला.

"अडतीस जणांनी तोंडं शिवून ठेवली होती, साहेब. मी फटके खाल्ले पण टाका सुटू दिला नाही. आणि तुम्हीच उसवलंत."

"उसवायलाच हवं होतं, स्वेन."

"बोस्टनपर्यंत टिकलं असतं," स्वेन म्हणाला. स्वतःच्या शिवणीबद्दल बोलावं तसं.

व्हॅन आल्स्टनं टोपी काढली आणि माणसांना पांगायची आज्ञा दिली. पहिलीच आज्ञा त्याची, आणि ती कुणी लगेच पाळली नाही. हॅलेट जिन्याकडं निघाला तशी माणसं दोन्ही बाजूंना सरकली, वाट झाली. आता गुपित राहिलं नव्हतं, तेव्हा नावं सांगायचं कारणही राहिलं नव्हतं. तरी पहिला आवाज आला.

"पेकम, साहेब."

"पेकम," हॅलेट म्हणाला.

"मेसी, साहेब."

"मेसी."

एकेक नाव येत गेलं आणि एकेकाला तो उत्तर देत गेला. सह्या केलेले बोलले आणि न केलेलेही बोलले. कधी बोलले नव्हते असे बंदूकवालेसुद्धा. जिन्यापाशी पोचेपर्यंत त्याचा आवाज पार बसला होता.

जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी उभं होतं आणि नाव सांगत नव्हतं. मेणाचा आणि डांबरी दोऱ्याचा वास आला. वैद्याकडं जायला त्यालाही हाच जिना होता.

"तू काही म्हणाला नाहीस," हॅलेट म्हणाला.

"मला ओळखाल असं वाटलं, साहेब."

हॅलेटनं हात पुढं केला, खांद्यावर ठेवायला. अंतर चुकलं, हात पाठीवर पडला. पाठ ओली होती. स्वेन आक्रसला नाही. हॅलेटनं हात काढून घेतला नाही, आणि टाके चाचपले होते त्याच बोटांनी त्यानं ते वळ चाचपले. एक, दोन, तीन. हे वाचायला डोळे लागत नव्हते.

"आधी तू उतर," तो म्हणाला.

स्वेन उतरला. मग हॅलेटनं दोर धरला, पहिली गाठ हाताला लागू दिली, आणि एकेक पायरी मोजत त्याच्या मागोमाग खाली गेला.